गल्ला बंद, पगार सुरू: मधल्या वर्षाचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा. कळव्यात राहणारे एक गृहस्थ, वय ४१. वागळे इस्टेटमध्ये भाड्याच्या गाळ्यात चौदा वर्षं छपाईचा धंदा: बिलबुकं, लेटरहेड, लग्नपत्रिका, थोडं फ्लेक्स. बिलबुकं कॉम्प्युटरने खाल्ली, पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपने. आता रबाळ्याच्या एका पॅकेजिंग कंपनीत प्रॉडक्शन सुपरवायझर म्हणून १ ऑक्टोबरपासून बोलावणं आलंय. पॅकेज वर्षाला नऊ लाख, त्यातले नव्वद हजार 'व्हेरिएबल'. घराचा हप्ता २३,४००, दर महिन्याच्या ५ तारखेला. घरखर्च ३०,०००. मुलगी नववीत, आई सोबत. मिसेस शिकवण्या घेतात, त्याचे साडेसहा हजार येतात, ते त्यांनी धरलेले नाहीत. बाजारात ४ लाख १० हजार येणं आहे, त्यातले लाखभर वर्षाहून जुने. कागदवाल्याचं देणं १ लाख ४५ हजार, आणि मशीनच्या कर्जाचे ६,२०० रुपयांचे अकरा हप्ते बाकी. "महिन्याला पंच्याहत्तर हजार येणार, त्रेपन्न-चोपन्न जाणार, म्हणजे बसतंय ना? की टॅक्समध्ये मार खाईन?" असं विचारून शेवटी एक ओळ टाकलीय: "पिग्मीवाल्याला काय सांगू?" पिग्मीवाला म्हणजे गल्ल्यावर येऊन रोजची थोडी बचत गोळा करून नेणारा एजंट.

मी नौपाड्यात सव्वीस वर्षं हिशेब आणि करसल्ल्याचं काम करतेय. दुकानदार, छोटे कारखानदार, कंत्राटदार हीच माझी गिऱ्हाइकं. त्यातले बरेच जण गेल्या काही वर्षांत नोकरीकडे वळले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टॅक्सची भीती आधी बाजूला ठेवा. तुमच्या बाबतीत तो सगळ्यात सोपा भाग आहे, त्यावर शेवटाकडे येते. खरी अडचण दोन ठिकाणी आहे आणि त्यातली एकही तुम्ही विचारलेली नाही. पहिली म्हणजे तुमचं घर कितीला चालतं हे तुम्हाला माहीत नाही. माफ करा, पण गल्ल्यावर चौदा वर्षं चाललेल्या घराला ते माहीत नसतंच. दुसरी म्हणजे ३० सप्टेंबरला तुम्ही शटर ओढाल, पण धंदा त्या दिवशी संपणार नाही. त्याचं शेपूट वर्ष-दीड वर्ष वळवळत राहतं, आणि ते तुमच्या पगारात शिरलं तर पगार कितीही असो, पुरत नाही.

काही गोष्टी तुमच्या कागदांवर अवलंबून आहेत. गाळ्याच्या करारात नोटिशीची मुदत किती, जीएसटी साध्या पद्धतीने भरता की कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीची ठरावीक टक्क्यांची सोपी योजना), नेमणूकपत्रात प्रोबेशन तीन महिन्यांचं की सहा, 'कंपनीच्या परवानगीशिवाय दुसरं काम करणार नाही' असं कलम आहे का. हे तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे जिथे फरक पडतो तिथे तसं सांगत जाईन.

पंच्याहत्तर हजारांपासून सुरुवात करू. नऊ लाखांना बारांनी भागलं की पंच्याहत्तर येतात, पण ते तुमच्या खात्यात येणारे पैसे नव्हेत. नव्वद हजार व्हेरिएबल, म्हणजे वर्षअखेरीस मिळाले तर मिळाले. राहिले ८ लाख १० हजार, महिन्याला ६७,५००. समजा बेसिक ३४,००० धरलंय. त्यावर कंपनीचा पीएफचा बारा टक्के हिस्सा ४,०८० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे १,६३५ हे दोन्ही पॅकेजमध्येच मोजलेले असतात. म्हणजे पगारपत्रकावर येणार ६१,७८५. त्यातून तुमचा पीएफ ४,०८० आणि प्रोफेशनल टॅक्सचे २०० कापले की हातात साडेसत्तावन्न हजार. ग्रॅच्युइटी तर साधारण पाच वर्षं टिकलात तरच मिळणार. नेमकी फोड कंपनीकडून मागून घ्या. एचआरला त्यात काही वावगं वाटत नाही, धंद्यातल्या माणसालाच विचारायला लाज वाटते.

आता खर्चाकडे. मागच्या वर्षी असंच एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. ते फॅब्रिकेशनवाले, त्या गृहिणी. मी त्यांना दोन्ही खात्यांची, करंट आणि सेव्हिंग, बारा महिन्यांची स्टेटमेंट छापून आणायला सांगितली होती. टेबलावर पसरली, दोघांच्या हातात दोन रंगांची पेनं दिली आणि म्हटलं, प्रत्येक ओळीपुढे 'घ' नाहीतर 'ध' लिहा, घर की धंदा. पहिल्या पानावरच भांडण. किराणावाल्याला ४,२०० यूपीआय, धंद्याच्या खात्यातून. "तो दुकानासाठी चहा-साखर," ते म्हणाले. मिसेसनी चष्म्यावरून बघितलं, "तांदूळ पण दुकानाला लागतो का?" दीड तासाने बेरीज झाली. ते घरखर्च चाळीस हजार सांगत आले होते, आकडा एकसष्टचा निघाला. त्यांना वाटत होतं गॅस सिलिंडर आपोआप येतो.

तुमच्याकडेही तेच असणार. सहसा छापखानेवाल्याच्या धंद्यातून घरासाठी काय काय जातं ते मी मांडते, तुमचे आकडे तुम्ही घाला. स्कूटरचं पेट्रोल २,८००, दोन मोबाईल आणि घरचं इंटरनेट १,७००, दुपारचं जेवण, चहा, आल्यागेल्याचं ३,५००, मुलीच्या प्रोजेक्टच्या प्रिंट आणि वह्या ६००, स्कूटरचा विमा-सर्व्हिसिंग महिन्याला धरून ७००. झाले ९,३००. यातलं थोडं आपसूक कमी होईल. डबा नेलात तर जेवणाचं वाचेल. स्कूटर कळवा स्टेशनपर्यंतच नेलीत आणि ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून ट्रान्सहार्बर पकडलीत तर पेट्रोलच्या पुढे पास काहीच नाही. विटाव्यावरून स्कूटरने जाणं सोपं वाटतं, पण पावसाळ्यात तिथल्या रेल्वेपुलाखाली पाणी भरतं तेव्हा हजेरीवर लाल शेरा पडतो. गल्ल्यावर उशिरा पोचलं तर कोणी विचारत नव्हतं, हे लक्षात ठेवा. तरीही पाचेक हजार राहणारच.

मग वर्षातून एकदा येणारे खर्च. मेडिक्लेम ३१,०००, शाळा आणि क्लास ६२,०००, गणपती-दिवाळी ३०,०००, आयुर्विम्याचा हप्ता २४,०००. हेही मी अंदाजाने धरलेत. एकूण १ लाख ४७ हजार, महिन्याला १२,२५०. हे तुमच्या तीस हजारांत नाहीत, हे मी न बघता सांगते, कारण आजवर ते लग्नसराईतून निघत होते. मार्गशीर्षात पत्रिकांचं काम आलं की क्लासची फी भरली, असंच चालत असणार. पगाराला लग्नसराई नसते.

आता खरी बेरीज करा. हप्ता २३,४००, घर ३०,०००, गल्ल्यातले लपलेले ५,०००, वार्षिक खर्चाचे १२,२५०. झाले ७०,६५०. हातात साडेसत्तावन्न. खड्डा तेरा हजारांचा.

घाबरू नका, तो बुजतो, पण आधी दिसायला हवा. मिसेसच्या शिकवणीचे साडेसहा हजार उघडपणे घराच्या हिशेबात घ्या. 'तिचे पैसे तिला' हे ऐकायला छान असतं, पण त्या पैशांतून दूध आणि भाजी येतच असते, फक्त मोजली जात नाही. दुसरं पीएफचं. तुम्ही आजवर कधीच पीएफचे सभासद नव्हता आणि बेसिक १५,००० च्या वर आहे, त्यामुळे काही कंपन्या बारा टक्के पूर्ण बेसिकवर न कापता १५,००० वर, म्हणजे १,८०० रुपये, कापायचा पर्याय देतात. कंपनीचाही हिस्सा तेवढाच धरून उरलेलं पगारात दिलं तर हातात साडेचार हजार जास्त येतात. एरवी मी कोणालाही हे सुचवत नाही. एकेचाळिसाव्या वर्षी ज्याच्याकडे निवृत्तीसाठी काहीच बाजूला नाही त्याने पीएफ पूर्ण कापून घ्यावा, हेच माझं मत. पण पहिलं वर्ष हे मधलं वर्ष आहे. हातात पैसे नसल्याने क्रेडिट कार्डावर क्लासची फी भरण्यापेक्षा वर्षभर पीएफ थोडा कमी बरा. पुढे स्वेच्छेने वाढवता येतो. कंपनी हा पर्याय देत नसेल तर खड्डा तेवढा मोठा राहील आणि गणपती-दिवाळीला हात आखडावा लागेल. दिलाच, तर ५७,५०० + ४,५०० + ६,५०० = ६८,५००. राहिलेले दोन हजार घरातच कुठेतरी सापडतील. व्हेरिएबलचे नव्वद हजार मी कुठेही धरले नाहीत, तुम्हीही धरू नका. आले तर थेट पीपीएफमध्ये, पीएफ कमी घेतल्याची भरपाई म्हणून.

यापेक्षा तातडीची गोष्ट ऑक्टोबरची आहे. तुम्ही १ तारखेला रुजू होणार. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आसपास होतो, म्हणजे पहिला पगार ७ नोव्हेंबरला. हप्ता ५ तारखेला. मोजा: ५ ऑक्टोबर आणि ५ नोव्हेंबर, दोन हप्ते पहिल्या पगाराच्या आधी जाणार, आणि त्याच काळात दिवाळीची खरेदी. गल्ला बंद. याच ठिकाणी मी लोकांना हप्ता बाउन्स करताना पाहिलंय, पैसे असूनही, कारण ते भलत्याच खात्यात पडलेले असतात. बाउन्स झाला की बँकेचा दंड लागतो तो लागतो, वर सिबिलवर डाग पडतो आणि पुढे कर्ज दुसऱ्या बँकेत हलवायचं म्हटलं की तो डाग आधी दिसतो. म्हणून सप्टेंबर संपायच्या आत सव्वा लाख रुपये हप्त्याच्या खात्यात हलवून ठेवा: दोन हप्ते, सव्वा महिन्याचं घर आणि थोडी दिवाळी. ते कुठून आणायचे ते पुढे येतंय. शिवाय बँकेत जाऊन हप्त्याची तारीख ५ ऐवजी १० करून मिळते का तो अर्ज द्या. सगळ्या बँका देत नाहीत. नाही दिली तर एक हप्ता कायम खात्यात पडून ठेवायचा, त्याला 'आपले पैसे' म्हणायचंच नाही.

आता धंद्याचं शेपूट. इथे मी माझ्याच घरचं सांगते, दिव्याखाली अंधार कसा असतो ते. माझ्या यजमानांचं वागळेत मोटर रिवाइंडिंगचं छोटं वर्कशॉप होतं. २०११ साली ते बंद करून त्यांनी नोकरी धरली. मी दुसऱ्यांचे हिशेब लिहिणारी, घरचं सगळं कसं नीट होईल याची मला खात्री होती. पहिल्या आठ महिन्यांत जुनी येणी येत गेली. कधी अकरा हजार, कधी अठरा. प्रत्येक वेळी आम्हाला बोनस आल्यासारखं वाटायचं. एकदा फ्रिज घेतला, एकदा महाबळेश्वरला गेलो. मग एका रविवारी सकाळी तांब्याच्या तारेचा व्यापारी दारात आला, हातात वही. बासष्ट हजार. ते आम्ही पगारातून सात महिने फेडले. फ्रिजकडे बघवत नव्हतं.

म्हणून एक नियम: धंद्याचं देणं धंद्याच्याच येण्यातून जाईल आणि धंद्याचं येणं देणं संपेपर्यंत घरात येणार नाही. त्यासाठी करंट अकाउंट लगेच बंद करू नका. किमान शिल्लक फार लागत असेल तर त्याऐवजी एक वेगळं सेव्हिंग खातं ठेवा, पण पगाराचं खातं वेगळं आणि शेपटाचं वेगळं. कागदवाला, मशीनचा हप्ता, शेवटचं लाइटबिल, माझ्यासारख्याची फी, सगळं या शेपटाच्या खात्यातून.

कागदावर तुमचं येणं ४ लाख १० हजार, देणं कागदवाल्याचं १,४५,००० आणि मशीनचे ६८,२०० मिळून २,१३,२००. म्हणजे तुम्हाला वाटतंय जवळजवळ दोन लाख सुटतील. बंद पडलेल्या धंद्याची येणी मी अशी मोजत नाही. चालू धंद्यात गिऱ्हाईक पुढच्या कामासाठी पैसे देतं. पुढचं काम नाही म्हटलं की जुनं बिल त्याच्या टेबलावर सगळ्यात खाली जातं. माझा ठोकताळा असा: तीन महिन्यांच्या आतल्या बिलांचे पाऊण धरायचे, तीन महिने ते वर्ष यांचे निम्मे, वर्षाहून जुनी शून्य. तुम्ही सगळी फोड दिली नाही, पण समजा १,६०,००० ताजे, १,५०,००० मधले आणि लाख जुने. तर १,२०,००० आणि ७५,०००, एकूण १,९५,०००. देण्यापेक्षा अठरा हजार कमीच. दोन लाख सुटणारे नाहीत. सुटणार ते मशीन विकून आणि गाळ्याचं डिपॉझिट परत घेऊन. वरचे सव्वा लाखही तिथूनच. म्हणून मशीनचा सौदा आत्ता सुरू करा, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नाही. घाईतल्या माणसाला बाजार ओळखतो. मशीनवर कर्ज आहे, तेव्हा बँकेचं ना-हरकत पत्र आधी लागेल, त्यात दिवस जातात. डिपॉझिटही मालक शटर उतरल्या दिवशी हातात ठेवेल असं धरून चालू नका.

वसुलीसाठी एक हत्यार आहे, ते हातचं सोडू नका. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर येणी येईपर्यंत ती रद्द करू नका. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला खरेदीदाराने करारात ठरलेल्या मुदतीत, आणि तीही जास्तीत जास्त ४५ दिवसांत, पैसे द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय २०२३-२४ पासून असं उशिरा दिलेलं बिल खरेदीदाराला ज्या वर्षी पैसे देईल त्याच वर्षी खर्चात धरता येतं. बिलं नोंदणीनंतरची असायला हवीत. हे सगळं एका सभ्य पत्रात लिहून, बिलांच्या प्रती आणि उद्यम क्रमांक जोडून, त्यांच्या अकाउंटंटला पाठवा. मालकाला नको. अकाउंटंटला मार्च जवळ आला की झोप लागत नाही. तक्रार करायची वेळ बहुतेकदा येत नाही. आली तर सरकारी पोर्टलवर करता येते. तीन वर्षं उलटू देऊ नका, नंतर कोर्टाचा रस्ताही बंद होतो.

गाळा ठेवावा का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. प्रोबेशन संपेपर्यंत ठेवावा असं वाटणं साहजिक आहे. फक्त त्याचा आकडा घाला. माझ्याकडच्या एकांनी १४,००० भाड्याचा गाळा 'असू दे, काय सांगावं' म्हणून चौदा महिने ठेवला. १ लाख ९६ हजार रुपये मनाच्या समाधानासाठी. आत दोन खुर्च्या आणि एक बंद पडलेला पंखा होता. तीन महिन्यांच्या पुढे नको. धंद्यात परत यायचंच झालं तर गाळा पुन्हा मिळतो. गिऱ्हाइकांचे नंबर आणि डिझाइनच्या फायली मात्र जपा, खरा धंदा तोच. आणि शनिवार-रविवारी पत्रिकांची कामं घ्यायची असतील तर आधी नेमणूकपत्रातलं ते कलम वाचा. मिसेसच्या नावावर नावापुरता धंदा दाखवायचा सल्ला कोणीतरी देईलच, तो ऐकू नका.

कागदपत्रांचा क्रम महत्त्वाचा. लोक आधी जीएसटी रद्द करतात आणि मग मशीन विकायला निघतात. उलटं करा. अडकलेली बिलं काढा, मशीन आणि उरलेला कागद बिल करून विका म्हणजे घेणाऱ्याला त्या जीएसटीचं क्रेडिट मिळेल, शेवटपर्यंतची रिटर्न भरा आणि मगच रद्द करायचा अर्ज. रद्द करताना हातात स्टॉक किंवा मशीन असेल तर त्यावरचा कर भरावा लागतो. कंपोझिशनमध्ये असाल तर मशीन घेणाऱ्याला क्रेडिट मिळणार नाही, बाकी क्रम तोच. साध्या पद्धतीने जीएसटी भरणाऱ्याला रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे अंतिम रिटर्न असतं. हे निम्मे लोक विसरतात आणि त्याचा दंड दिवसावर चढतो. 'धंदाच नाही तर रिटर्न कसलं' म्हणून नोंदणी नुसती सोडून दिली तर शून्य रिटर्नलाही दिवसाला वीस रुपये विलंबशुल्क लागतं.

दुसरा छोटा कागद म्हणजे प्रोफेशनल टॅक्सची पीटीईसी नोंदणी. धंद्याचे वर्षाला २,५०० तुम्ही स्वतः भरत होतात. आता कंपनी पगारातून दरमहा २००, फेब्रुवारीत ३०० असे तेवढेच कापणार. एका माणसाला हा कर एकदाच. पण पीटीईसी रद्द केली नाही तर खात्याच्या दृष्टीने तुम्ही अजून धंद्यात आहात. २०११ मध्ये मी नेमकं हेच विसरले. चार वर्षांनी नोटीस आली, दहा हजार अधिक व्याज. पगारपत्रकांच्या प्रती घेऊन मीच गेले, गिऱ्हाइकांसाठी जाते तशी. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "कोणाची केस?" मी म्हटलं, "नात्यातल्यांची."

बाकी गुमास्ता, वीज मीटर, गाळ्याचं इंटरनेट हे तुमचं तुम्हाला ठाऊक आहे.

आता टॅक्स. २०२५-२६ पासून नव्या कररचनेत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो, आणि पगारदाराला वर ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते. तुमचे सहा महिन्यांचे धंद्याचे, समजा, चार-साडेचार लाख आणि सहा महिन्यांचा पगार पावणेचार लाख, मिळून सव्वाआठच्या आत. कर लागत नाही. लक्ष द्यायचं ते इतकंच की या वर्षीचं रिटर्न नुसत्या पगारदारांच्या सोप्या फॉर्मवर भरायचं नाही, त्यात धंद्याचं उत्पन्न यायलाच हवं. कंपनीत कोणी पंधरा मिनिटांत भरून देतो म्हणाला तर नको म्हणा. धंदा वर्षअखेरीस तोट्यात गेला असेल तर तो तोटा पगारातून वजा होत नाही, हेही माहीत असू द्या. वेळेत रिटर्न भरलं तर आठ वर्षं पुढे नेता येतो, पण पुढे धंद्याचंच उत्पन्न हवं.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाची कमाई मोठी असेल तर मात्र इथेच फसायला होतं. समजा एका डिझायनरने वर्षाच्या पहिल्या भागात निव्वळ ११ लाख कमावले आणि नंतर नोकरीत ९ लाख पगार मिळाला. कंपनीला पगारच दिसतो, त्यामुळे ती काहीच कापत नाही. प्रत्यक्षात २० लाखांतून ७५,००० वजा जाता कर १ लाख ९२ हजार ४०० होतो. आगाऊ कर १५ मार्चपर्यंत भरला नाही तर वर व्याज. रुजू होतानाच आपलं आधीचं उत्पन्न कंपनीला लेखी कळवलं तर ती दर महिन्याला थोडं थोडं कापते आणि मार्चमध्ये धक्का बसत नाही.

मेडिक्लेमबद्दल दोनच वाक्यं, पण ती ठाम. कंपनीचा ग्रुप विमा मिळाला म्हणून घरची पॉलिसी सोडू नका: नोकरी गेली की तो विमा जातो, आणि तोवर तुम्ही पंचेचाळीसचे, आई सत्तरीची, जुन्या आजारांसाठी पुन्हा तीन वर्षांपर्यंत थांबायची पाळी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी निघालाय, त्यामुळे ती आता तशी स्वस्तही पडते.

आणखी एक सवयीचं. गल्ल्यावरच्या माणसाला रोज थोडे पैसे बघायची सवय असते. ७ तारखेला एकदम साडेसत्तावन्न हजार दिसले की तो श्रीमंत होतो आणि २२ तारखेला गरीब. त्या फॅब्रिकेशनवाल्यांच्या मिसेसनी यावर नामी उपाय काढला. पगार आला की हप्ता आणि वार्षिक खर्चाचे पैसे पहिल्याच दिवशी वेगळे, आणि उरलेल्याचे चार भाग करून दर सोमवारी एक भाग घरखर्चाच्या खात्यात. त्यांनी त्याला 'सोमवारचा गल्ला' नाव दिलंय. महिन्याचं बजेट मला आजवर कोणाच्या घरात दोन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेलं दिसलं नाही, हे टिकलंय. पगाराचं खातं उघडलं की पर्सनल लोनचे फोनही सुरू होतील, इतक्या प्रेमाने की चौदा वर्षं धंद्याचं कर्ज मागताना ही बँक कुठे होती असं वाटेल. पहिले सहा महिने कोणालाही हो म्हणू नका.

राहिला पिग्मीवाला. समजा रोजचे तीनशे, महिन्याचे सव्वीस दिवस धरले तरी ७,८००, आणि हेही गल्ल्यातूनच जात होते. वरच्या हिशेबात त्यांना जागा नाही. आधी मुदत बघा. दोन-तीन महिनेच राहिले असतील तर शेपटाच्या खात्यातून तेवढी पूर्ण करा, मध्येच मोडली तर व्याज जातं. मुदत बरीच बाकी असेल तर रोजची रक्कम कमी करून मिळते का ते विचारा. मिळालेले पैसे पुन्हा तिथेच ठेवायचे की नाही हे ठरवताना एक माहीत असू द्या: पाच लाखांपर्यंतचं ठेव विम्याचं संरक्षण बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे, पतसंस्थांना नाही. मी तरी ते पैसे बँकेत नाहीतर पोस्टात आरडीला लावीन, आणि रक्कम झेपेल तितकीच, दोन हजार का होईना.

त्या माणसाला मात्र ३० तारखेच्या आधी स्वतः सांगा. बंद शटरसमोर पावतीचं मशीन हातात घेऊन उभा राहू देऊ नका. आमच्या यजमानांचा पिग्मीवाला वर्कशॉप बंद झाल्यावरही दोन वर्षं दर महिन्याच्या ८ तारखेला संध्याकाळी घरी यायचा. पाचशे रुपये घ्यायचा, पावती द्यायचा, चहा प्यायचा आणि वागळेत आता कोणाकोणाचं शटर उतरलंय ते सांगून जायचा.